मदत हवी आहे: 'हकलबरी फिन'चा शेवट उपरोध की नुसता दंगा?

मार्क ट्वेनच्या या कादंबरीवर वाचनगटात वीस मिनिटं बोलायचंय. एरवी उपरोध लख्ख दिसतो. एकमेकांच्या जिवावर उठलेली दोन घराणी गुडघ्यांत बंदुका धरून चर्चमध्ये बंधुप्रेमाचं प्रवचन ऐकतात, आणि घरी जाताना त्याची वाहवाही करतात! ३१व्या प्रकरणात पळून आलेला गुलाम जिम याला पकडून देणारं पत्र कथा सांगणारा मुलगा हक फाडतो, तो तर कळसच.

घोडं अडलंय जिमला कोंडून ठेवलेल्या फेल्प्सच्या मळ्यावर. हकचा मित्र टॉम सॉयर जिमच्या सुटकेचा पोरखेळ करतो: कोठडीत साप, उंदीर, पाय (pie) या पेस्ट्रीत भाजलेली दोरीची शिडी. मालकिणीने मृत्युपत्रात जिमला आधीच मुक्त केलंय, हे टॉमला ठाऊक असतं. कथा गुलामगिरीच्या काळातली, पण पुस्तक १८८४चं. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपलेली. म्हणजे मुक्त माणसाला पुन्हा 'सोडवण्याचा' हा तमाशा गुलामगिरी संपल्यानंतरच्या अमेरिकी दक्षिणेवरचा टोमणा आहे, असं मला वाटतं. पण पुरावा तोकडा पडतोय.

शेवटची बारा प्रकरणं मूळ इंग्रजीत दोनदा वाचून झालीत. लेखकाचं चरित्र किंवा गाइडमधली उत्तरं नकोत. या बारा प्रकरणांतले हकचे किंवा जिमचे नेमके कोणते उद्गार माझ्या वाचनाला आधार देतात, आणि कोणते ते खोडून काढतात?