पिकअपचं ॲव्हरेज १० वर आलं, पैसे नेमके कशावर लावू?

संत्रावाला_वरुड:
राम राम मंडळी. माझी डिझेल पिकअप अकरा वर्षं जुनी आहे. वरुडहून नागपूरच्या कळमना मार्केटला संत्र्याचे क्यारेट नेतो, येताना बहुतेक रिकामाच. महिन्याला २००० किलोमीटर होतात. आधी १२-१३ द्यायची. आता तीनदा टाकी फुल करून मोजलं, १० च्या वर जात नाही. मोटारसायकलही ४५ वर आली, तिचे महिन्याला १००० किलोमीटर. हातात १५ हजार आहेत. एक जण डिझेलच्या पाइपवर बसवायचं चुंबक ६ हजारात देतो, २० टक्के वाचेल म्हणते. आंबिया बहाराची संत्री तुटायच्या आत काय ते करायचं आहे. ज्यांनी स्वतः करून पाह्यलं त्यांनी सांगा नं.

हिशेबी_आर्वी:
भाऊ, आधी लिटर मोजा. मोटारसायकल ४५ ची ५५ झाली तर लय वाढलं असं वाटते, पण १००० किलोमीटरमागं ४ लिटरच वाचते. पिकअप १० ची १२ झाली तर २०० ऐवजी १६७ लिटर लागते. ३३ लिटर! ९० रुपयांनी धरलं तरी महिन्याला जवळपास ३ हजार. पैसा पिकअपवरच लावा. गाडीचं वय पाहता सहा महिन्यांत वसूल होईल तेवढंच काम काढा.

मिस्त्री_मोर्शी:
चुंबक घेऊ नका, कळकळीनं सांगतो. अमेरिकेच्या ईपीए या सरकारी संस्थेनं अशी शंभरावर उपकरणं तपासली, मायलेज ठळक वाढवणारं एकही निघालं नाही. धडधाकट इंजिनात डिझेल जवळपास सगळं जळतेच. वाया जाते ती उष्णता, सायलेन्सर अन् रेडिएटरमधून. तिथं चुंबक काय करणार?

२०-२५ किलोमीटर चालवा, उतरल्या उतरल्या चारही चाकांजवळ हात न्या. टेकवू नका, भाजेल. एकच चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक धरून आहे. जॅक लावून ते हातानं फिरवून पाहा. एअर फिल्टर काढून उजेडाकडं धरा, आपल्याकडच्या फुफाट्यानं लवकर चोंदते. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. अन् ८० नं पळवू नका, ५५ च्या तुलनेत हवेचा अडसर दुपटीहून जास्त होते. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलला शेवटी हात लावा, तोही काळा धूर असेल तरच.

संत्रावाला_वरुड:
मिस्त्रीभाऊ, मागचं डावं चाक! जवळ जाताच जळका वास आला. जॅकवर उचललं तर दोन्ही हातांनी ढकलावं लागत होतं. ब्रेक दाबणारा व्हील सिलिंडर जाम होता. तो अन् फिल्टर बदलला, मजुरीसकट २१०० लागले. दोन खेपांनंतर ११.३ आलं, म्हणजे महिन्याला २३ लिटर वाचते. काळा धूर नाही, म्हणून नोझल तसेच ठेवले. चुंबकवाल्याला नाही म्हणून सांगितलं. पुढचे टायर आतल्या कडेनं घासले आहेत, उरलेल्या पैशात तेच घेऊ काय?

मिस्त्री_मोर्शी:
आधी अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत, करून घ्या, टायर मग. नाहीतर नवेही तसेच घासतील.