जीवशास्त्राची उजळणी : तुम्हांला खरंच काय उपयोगी पडलं?

परीक्षा महिन्यावर आली आहे. माझ्या मुलीच्या फोनमध्ये जीवशास्त्राचे साठेक व्हिडिओ, 4 ॲप आणि कुणाकुणाच्या नोट्सच्या पीडीएफ जमल्या आहेत. परवा तिला सहज विचारलं, वृक्कात, म्हणजे मूत्रपिंडात, रक्त नेमकं कुठे गाळलं जातं? ती म्हणाली, "थांब, त्याचा व्हिडिओ आहे माझ्याकडे." व्हिडिओ होता, उत्तर नव्हतं. तेव्हापासून मला चैन नाही. माध्यमिक शाळेतल्या मुलांना उजळणीसाठी काय द्यावं, हे ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी लिहा. नुसती नावांची यादी नको. कोणत्या धड्याला काय वापरलं आणि कुठे फसलं, तेही हवं.

*

मी 19 वर्षं हा विषय शिकवते. तुमच्या मुलीचं उत्तर मी दरवर्षी ऐकते, त्यामुळे आधी धीर देते.

माझ्या वर्गात उजळणीचं पहिलं साधन म्हणजे कोरा कागद. हृदयाची आकृती पुस्तक मिटून काढायची. जे आठवलं ते निळ्या पेनानं, मग पुस्तक उघडून जे राहिलं ते लाल पेनानं. दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्यानं पुन्हा. लाल शाई कमी होत गेलेली मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते, मग मला वेगळं काही सांगावं लागत नाही. चुकाही नेमक्या कळतात. पहिल्या खेपेला निम्मा वर्ग फुप्फुस धमनीत ऑक्सिजनयुक्त रक्त दाखवतो, कारण "धमनी म्हणजे शुद्ध रक्त" असं पाठ झालेलं असतं. धमनी रक्त हृदयापासून दूर नेते, एवढीच तिची व्याख्या; त्यात ऑक्सिजन असेलच असं नाही. हे व्हिडिओ पाहताना मुलांना पटलेलं असतं. हातानं बाण काढायची वेळ आली की ती अडतात.

याला आधारही आहे. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा वाचला. काहींनी एकदाच वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानं मात्र आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के आठवलं, नुसतं वाचणाऱ्यांना 40 टक्के. म्हणून कुठलंही साधन हाती आलं की मी एकच बघते : ते मुलाकडून काही काढून घेतंय, की नुसतं त्याच्यापुढे वाढतंय?

एक सावधगिरी. दुसरीकडून नोट्स घेताना शब्द तपासा. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांना एका पुस्तकात कर्णिका आणि जवनिका म्हणतात, दुसऱ्यात अलिंद आणि निलय. ऐन परीक्षेत मुलाला वाटतं, हे चार वेगळे कप्पे आहेत.

*

सध्या नर्सिंग शिकतेय. शाळेत असताना अँकी हे प्रश्नोत्तरांच्या कार्डांचं ॲप वापरायचे. संगणकावर ते फुकट आहे. जे कार्ड चुकतं ते लवकर पुढे येतं, ज्याचं उत्तर बरोबर येतं ते लांबत जातं. आधी कुणीतरी बनवलेला तयार गठ्ठा उतरवून घेतला. त्यात निम्मं आमच्या अभ्यासक्रमात नव्हतंच. मग स्वतः कार्डं केली, तर एकेका कार्डावर अख्खा परिच्छेद. "पचनसंस्था स्पष्ट करा" असं कार्ड आलं की ते उलटायचाच कंटाळा. तिसऱ्या वेळी जमलं : एका कार्डावर एकच गोष्ट. पित्तरस कुठे तयार होतो? यकृतात. साठतो कुठे? पित्ताशयात. अशी रोज 15 मिनिटं.

पण क्रियेचा क्रम कार्डांवर बसत नाही. प्रकाशसंश्लेषण मी तुकड्यातुकड्यांत पाठ केलं आणि "दोन दिवस अंधारात ठेवलेल्या रोपाच्या पानाची आयोडीन चाचणी केल्यास काय दिसेल?" या प्रश्नाला कोरी राहिले. अंधारात पानातला स्टार्च वापरला जातो, म्हणून ते निळं-काळं होत नाही. हे सगळं मला सुटं सुटं माहीत होतं.

*

माझा मुलगा मराठी माध्यमातला. यूट्यूबवरच्या अमीबा सिस्टर्सची जीवशास्त्राची इंग्रजी कार्टून त्याला फार आवडतात. दोघी खरोखरच बहिणी, त्यातली एक आधी जीवशास्त्र शिकवायची. अडचण भाषेची होती, म्हणून वहीत दोन रकाने केले : मायटोकाँड्रिया – तंतुकणिका, क्लोरोप्लास्ट – हरितलवक, न्यूक्लिअस – केंद्रक. व्हिडिओ दर दोन मिनिटांनी थांबवायचा आणि त्यानं मला मराठीत सांगायचं. आठ मिनिटांच्या व्हिडिओला अर्धा तास लागतो. मला आधी वाटलं होतं, वेळ वाया जातोय. आता पुढचं वाक्य मी बोलायच्या आत तो बोलतो.

*

अर्धगुणसूत्री विभाजनासाठी (अंडपेशी-शुक्रपेशी तयार होताना गुणसूत्रं निम्मी होतात ते) मोजे घ्या! मी मनापासून सांगतोय. माझी भाची हा धडा तीनदा वाचून रडली होती.

आठ मोजे लागतात : दोन लांब लाल, दोन लांब निळे, दोन आखूड लाल, दोन आखूड निळे. लाल आईकडून आलेले, निळे वडिलांकडून. एकसारखे दोन मोजे चिमट्यानं जोडले की ते एक गुणसूत्र, द्विगुणन झालेलं. आता लांब लाल आणि लांब निळा शेजारी आणा, तसेच आखूडही. पहिल्या विभाजनात लाल-निळे एकमेकांपासून दूर जातात, चिमटे तसेच राहतात. दुसऱ्या विभाजनात चिमटे काढायचे. शेवटी चार ढीग, प्रत्येकात एक लांब आणि एक आखूड. चाराच्या जागी दोन गुणसूत्रं. माणसात असंच 46 चे 23 होतात. दुसऱ्या फेरीत तिनं लांब लाल आखूड निळ्याच्या बाजूला ठेवला आणि स्वतःच म्हणाली, "म्हणजे भावंडं वेगळी दिसतात ती यामुळे पण?" हो, यामुळे पण.

*

नैसर्गिक निवडीसाठी फेट (PhET) या संकेतस्थळावरचं सिम्युलेशन बघा, कोलोरॅडो विद्यापीठाचं, फुकट आहे. सशांच्या केसांचा रंग बदलायचा, लांडगे सोडायचे आणि पुढच्या पिढ्यांत काय होतं ते बघायचं. मात्र सुरू करण्याआधी अंदाज लिहायला लावा, नाहीतर तो नुसता खेळ होतो.

*

मी चॅटबॉटचा उपयोग उलटा करते. उत्तरं मागत नाही. धड्यातला उतारा देऊन "यावर मला एकेक प्रश्न विचार" असं सांगते. प्रश्न चांगले येतात. एकदा मात्र माणसाच्या परिपक्व लाल रक्तपेशीत केंद्रक असतं असं त्यानं ठणकावून सांगितलं. ते नसतं. पुस्तक शेजारी उघडं ठेवूनच बसा.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही फोन दुसऱ्या खोलीत ठेवला आणि कोरा कागद घेतला. नेफ्रॉनच्या, म्हणजे वृक्कातल्या सूक्ष्म गाळणीच्या, आकृतीत पेल्यासारखं बोमन संपुट आणि त्यातलं केशिकांचं (बारीक रक्तवाहिन्यांचं) जाळं एवढंच निळ्या पेनानं निघालं, बाकी सगळं लाल. लेक जरा हिरमुसली. मग पुस्तक चाळताना तिला दिसलं, की रोज सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते साधारण दीड लिटर. "मग बाकीचं पाणी जातं कुठे?" असं म्हणून तिनं कागद पुन्हा ओढला आणि पुढची नलिका, तिच्याभोवतीच्या केशिका काढायला घेतल्या. साडेदहा वाजले होते, तरी मी काही बोलले नाही.