‘बॉल अँड चेन’ कोणाचं? कव्हर, उचल आणि षष्ठीचा घोळ

सहातारी:
आमच्या श्रवणमंडळात परवा दोन ध्वनिमुद्रणं लागोपाठ लावली होती. आधी अमेरिकन ब्लूज गायिका ‘बिग मामा’ थॉर्न्टनचं ‘बॉल अँड चेन’, मग रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनचं. (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची दुःख सांगणारी गाण्याची शैली.) गाणं थॉर्न्टननं स्वतः रचलेलं. जॉप्लिननं ते ‘बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी’ या बँडबरोबर जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरीच्या संगीत महोत्सवात म्हटलं, आणि पुढच्या वर्षी ‘चीप थ्रिल्स’ या अल्बममध्ये ते आलं. चहाच्या वेळी जुंपली. एकजण म्हणे, “कव्हर (म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण म्हटलेलं) मूळ गाण्यापेक्षा सरस.” दुसरे म्हणे, “सरस कसलं, उचल आहे ती.” एक बाई म्हणाल्या, “‘पुनर्गायन’ म्हणा म्हणजे भांडण मिटेल.” मिटलं नाही. मला बैठकीचं टिपण लिहायचं आहे. ‘कव्हर’साठी काय लिहू?

मिरजेचा तंबोरा:
‘पुनर्गायन’ कृपा करून नको. परिपत्रकातला शब्द वाटतो, आणि अर्थही चुकतो. स्वतःचंच गाणं दुसऱ्यांदा म्हटलं तरी ते पुनर्गायनच की! त्यात ‘दुसऱ्याचं’ कुठे येतं?

बेसवाला:
‘कव्हर’च लिहा. मोबाइलचं कव्हर आणि गाण्याचं कव्हर यांत आजवर कोणाचा गोंधळ झालेला नाही. नपुंसकलिंगी आहे, बहुवचन ‘कव्हरं’ होतं, ‘कव्हर केलं’ असं क्रियापद तयार आहे. शब्द केव्हाच घरचा झाला आहे.

खर्जसाधक:
शब्द घरचा झाला, पण तो नेमकं सांगतो काय? कव्हर म्हणजे जशीच्या तशी नक्कलही, आणि गाणं आतून-बाहेरून बदललं तरी कव्हरच. बैठकीतलं भांडण तिथेच आहे.

मिरजेचा तंबोरा:
आपल्याकडे यासाठी शब्द होता असं वाटतं, पण तो उलट्या बाजूचा आहे. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ (१८८०), ‘सौभद्र’ (१८८२) या नाटकांच्या जुन्या प्रती पाहा. पदाच्या डोक्यावर ‘चाल:’ लिहून मूळ गाण्याचे शब्द दिलेले असतात. म्हणजे सूर दुसऱ्याचा, शब्द नवे, आणि कबुली तिथल्या तिथे छापलेली. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. पुढे ‘मानापमान’मध्ये (१९११) गोविंदराव टेंब्यांनी नव्या चाली दिल्या, तेव्हा स्वतंत्र चालीचं कौतुक वाढलं. पण ‘अमक्याच्या चालीवर’ म्हणजे चाल ठेवली, शब्द बदलले. जॉप्लिननं शब्द ठेवले आणि चालीची तब्येत बदलली. तेव्हा ‘चालीवर’ इथे लागू नाही.

सहातारी:
‘चालीची तब्येत’ आवडलं. पण बदललं काय, हे कोणी गाण्याच्या अंगानं सांगेल का? बैठकीत सगळे नुसते “भारी”, “ओरडते फार” एवढंच म्हणत होते.

बेसवाला:
थॉर्न्टनचं मेजर म्हणजे उजळ सुरावटीत आहे. बिग ब्रदरनं ते मायनर म्हणजे उदास सुरावटीत नेलं आणि लय आणखी खाली आणली. आपल्या भाषेत, शुद्ध गंधाराच्या जागी कोमल गंधार. आता ब्लूजमध्ये गंधार तसाही शुद्ध आणि कोमल यांच्या मधोमध लोंबकळत असतो आणि गाणारा गळ्यानं तो वर-खाली ओढतो. थॉर्न्टन ते ओढणं मजेत करते. तिच्या गाण्यात दुःख आहे, पण ती ते खुर्चीत रेलून सांगते. ठेक्याच्या किंचित मागे राहते, शब्द टाकते आणि थांबते. मायनर केल्यावर ती सैल बसण्याची सोयच जाते. गाणं पहिल्या सुरापासून काळवंडतं. सुरुवातीला बँडमधल्या जेम्स गर्लीची फाटक्या आवाजाची गिटार, मग सगळं खाली बसतं आणि जॉप्लिन जवळजवळ कुजबुजीतून सुरू करते. शेवटी बँड थांबतो, ती एकटीच उरते. ब्लूजच्या बांध्यात हा नाट्यमय चढ नव्हता, तो यांनी आणला. याला उचल म्हणणाऱ्यानं दोन्ही नीट ऐकलेली नाहीत.

एडिसनची सून:
माँटेरीवरच्या चित्रपटात ते गाणं चालू असताना प्रेक्षकांत बसलेली गायिका कॅस इलियट दिसते. तिचं तोंड उघडं पडलेलं असतं. कोणत्याही भाषेत एवढी दाद पुरे! गंमत अशी की पडद्यावर दिसतो तो प्रयोग दुसरा आहे. शनिवारी त्यांनी म्हटलं तेव्हा चित्रीकरण झालं नव्हतं, म्हणून रविवारी पुन्हा म्हटलं. तंबोरेसाहेब, हे मात्र शंभर टक्के पुनर्गायन. 🙂

मिरजेचा तंबोरा:
मान्य!

खर्जसाधक:
मला थॉर्न्टनचंच जवळचं वाटतं, आणि कारण नावातच आहे. ‘बॉल अँड चेन’ म्हणजे कैद्याच्या पायातली साखळी आणि तिला जोडलेला लोखंडी गोळा. मराठीत कोणी ‘बेडी’ म्हणेल, पण बेडी माणसाला जागीच खिळवते. इथला माणूस चालतो, फक्त ओढत चालतो. आपला नेमका शब्द ‘लोढणं’. ओढाळ गुराच्या गळ्यात अडकवलेला ओंडका: जनावर चरतं, फिरतं, पण पळू शकत नाही. प्रेमाचं असं लोढणं गळ्यात घेऊन थॉर्न्टन चालत राहते, तिच्या लयीत ते ओढणं ऐकू येतं. जॉप्लिनच्या गळ्यात ती बेडीच होते, आणि ती बेडी तोडायला बघते. दोन गायिकांनी एकाच शब्दाचे दोन अर्थ गायले, असं मी टिपणात लिहिलं असतं.

बेसवाला:
तोडायला बघते म्हणूनच तर विशीतल्या पोरांना ती आवडते. आणि चाळिशीनंतर माणूस थॉर्न्टनकडे वळतो, हे माझं निरीक्षण. अपवाद भरपूर असतील.

काळा कोट:
‘उचल’ या शब्दाबद्दल थोडं. कायद्याच्या अर्थानं ही चोरी नव्हती, पण पैसा कुठे गेला ते पाहा. थॉर्न्टननं हे गाणं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बे-टोन नावाच्या छोट्या कंपनीसाठी मुद्रित केलं होतं. कंपनीनं ते बाजारात आणलं नाही, पण हक्क स्वतःकडे ठेवले. ‘चीप थ्रिल्स’ बिलबोर्ड या अमेरिकन नियतकालिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता, आणि गीतकार म्हणून मिळायचे ते पैसे रचणाऱ्या बाईकडे आले नाहीत. तिचं स्वतःचं मुद्रण १९६८ मध्ये अर्हूली कंपनीकडून आलं. तेव्हा ‘उचल’ म्हणायचंच असेल तर बोट गायिकेकडे नको, कागदाकडे दाखवा.

आणखी एक. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनंतर ‘कव्हर व्हर्जन’साठी वेगळं कलम आहे, ३१-सी. पहिलं मुद्रण झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबायचं, आणि मालकाच्या संमतीनं आधी झालेले किंवा मुद्रणासाठी तांत्रिकदृष्ट्या लागणारे बदल सोडून शब्दांत-सुरांत फेरफार करायचा नाही. म्हणजे आपल्या कायद्याच्या लेखी नक्कल जितकी चोख, तितकं ते कव्हर. मेजरचं मायनर करणाऱ्याला निराळी परवानगीच मागावी लागेल. बैठकीत ज्याला दाद मिळाली, नेमकं तेच कलमात बसत नाही.

सहातारी:
हे टिपणात घेतो. पण शब्द अजून मिळालेला नाही.

मिरजेचा तंबोरा:
कारण आपण नाम शोधतो आहोत. मराठी माणूस हे काम ‘चं’वर, म्हणजे षष्ठीवर भागवतो आणि सगळा घोळ तिथेच होतो. तुमचा प्रश्नच बघा: ‘थॉर्न्टनचं बॉल अँड चेन’, ‘जॉप्लिनचं बॉल अँड चेन’. पहिल्या ‘चं’मध्ये रचलेलं आणि गायलेलं दोन्ही आहे, दुसऱ्यात फक्त गायलेलं. आता ‘थॉर्न्टनचं हाउंड डॉग’ म्हणा. ते तिनं १९५२ मध्ये मुद्रित केलं, पुढच्या वर्षी गाजलं, पण लिहिणारे लीबर आणि स्टोलर, दोघेही तेव्हा १९ वर्षांचे. १९५६ मध्ये ते एल्व्हिस प्रेस्लीचं झालं, आणि तेही थॉर्न्टनकडून सरळ न येता फ्रेडी बेल या गायकाच्या बदललेल्या शब्दांतून. एका गाण्यात थॉर्न्टन दुसऱ्याचं गाणारी, दुसऱ्यात तिचं दुसरी गाते, आणि चारही ठिकाणी आपला एकच ‘चं’!

आपल्याकडेही तेच. गीतरामायण कोणाचं? गदिमांचं, बाबूजींचं, की १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर ती गाणी पहिल्यांदा म्हणणाऱ्यांचं? बाबूजींनी पुढे सगळी पदं स्वतः रंगमंचावर गायली. त्यातली बरीच आधी दुसऱ्यांच्या गळ्यातून ऐकलेली, पण चाल त्यांचीच. याला कव्हर म्हणायला जीभ वळेल का कोणाची?

खर्जसाधक:
माझी वळणार नाही.

बेसवाला:
माझीही नाही. पण मग कव्हर म्हणायला रचनाकार दुसरा हवा, एवढी अट तरी नक्की झाली.

सहातारी:
मग असं लिहितो: “थॉर्न्टननं रचलेलं ‘बॉल अँड चेन’ जॉप्लिननं मायनरमध्ये बांधून गायलं.” कव्हर हा शब्द फक्त शीर्षकात. चालेल?

एडिसनची सून:
‘बांधून’मध्ये बिग ब्रदरच्या पोरांचं श्रेय जातं. बांधणी बँडची होती. “जॉप्लिन आणि बँडनं” करा.

सहातारी:
केलं. पुढच्या बैठकीला गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं ‘लिटल विंग’ (१९६७) आणि तेच गाणं गिटारवादक स्टीव्ही रे वॉनचं, त्याच्या मृत्यूनंतर १९९१ मध्ये आलेलं, अशी जोडी आहे. वॉन एक शब्दही गात नाही, नुसती गिटार. तिथे ‘गायलं’ कसं लिहू? “गिटारवर उतरवलं” म्हटलं तर?

मिरजेचा तंबोरा:
‘उतरवलं’ म्हणजे फळ्यावरचं वहीत घेतलं. पुन्हा नक्कलच. ‘वाजवलं’ म्हणा की सरळ.