मदत हवी आहे: सोयाबीन काढल्याच्या आठवड्यातच विकावं लागू नये, यासाठी काय करता येईल? (इंदूर-सांवेर)

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला राहते, माहेर सांवेर तालुक्यातलं. आमचे पूर्वज होळकरांच्या काळात इकडे आले आणि माळव्याच्या काळ्या मातीतच राहिले. आता गावात दादा, वहिनी आणि बाबा आहेत. सात बिघे जमीन आहे. आमच्याकडे पाच बिघ्यांचा एक हेक्टर धरतात, म्हणजे दीड हेक्टरलाही कमीच. खरिपात सगळं सोयाबीन, रब्बीत पाणी पुरेल तेवढा लसूण-बटाटा आणि उरलेल्यात गहू.

मी एका दुकानात जमाखर्च लिहिते. २०२४ च्या खरिपात वहिनीच्या मागे लागून रोजचा खर्च लिहून घेतला. भाचीच्या शाळेच्या वहीची मागची पानं त्यासाठी घेतली होती. ती वही आत्ता माझ्यासमोर आहे.

बियाणं घरचं होतं, पण विकलं असतं तर त्याचे सात हजार आले असते, म्हणून तेही धरलं. खत सहा हजार. एक तणनाशकाची आणि दोन अळीच्या अशा फवारण्यांचे ९,८००. नांगरट, पेरणी, डवरणी मिळून ट्रॅक्टरचे ८,४००. कापणी बिघ्याला १,८०० प्रमाणे १२,६००. थ्रेशर ३,४००. पोती, ट्रॉली आणि हमाली २,३००. बेरीज ४९,५०० रुपये. माल झाला १७ क्विंटल, विकला ४,१०० ने, आले ६९,७००. हातात राहिले २०,२००.

घरच्यांची मजुरी यात कुठेच नाही. तिघांचे कामाचे दिवस वहीतून मोजले तर ११२ भरले. भागाकार केला तर दिवसाला १८० रुपये. त्या वर्षी मध्य प्रदेशात मनरेगाची मजुरी २४३ होती. कापणीला आलेल्या बायांना वहिनी संध्याकाळी पैसे देत होती, आणि दिवसभर त्यांच्याच ओळीत वाकून तीही कापत होती. त्यांच्याहून कमी तिलाच मिळालं, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.

आता मूळ दुखणं सांगते. २०२४ चा हमीभाव ४,८९२ होता आणि राज्यात सोयाबीनची सरकारी खरेदी २५ ऑक्टोबरला सुरू झाली. आमचं वाण ९५६०, लवकर येणारं, सप्टेंबरअखेर कापणीला आलेलं. दादाने माल ८ ऑक्टोबरला घातला. कुठे? ज्याच्याकडून खत-औषध उधार घेतो त्याच्याच गोदामात. त्याने ढिगात हात घातला, "नमी है भैया" (ओल आहे) म्हणाला आणि दर खाली आणला. दादाने दाणा दाताखाली धरून कट्ट वाजवून दाखवला. मी तिथेच उभी होते. वाद घालायची दादाची इच्छाही दिसली नाही, कारण डोक्यावर उधारी ३१,००० ची आणि लगेच लसणाचं बियाणं आणि डीएपी खत न्यायचं होतं.

क्विंटलमागे ७९२ रुपये, १७ क्विंटलवर १३,४६४. खरिपाच्या नफ्याच्या दोन तृतीयांश एवढी रक्कम सतरा दिवस थांबता न आल्यामुळे गेली.

२०२५ मध्ये सोयाबीनवर पिवळा मोझॅक रोग आला आणि जेमतेम ९ क्विंटल झालं. भावांतर योजनेत (हमीभावापेक्षा कमी दर मिळाला तर सरकार फरक देतं ती) नोंद केली होती, फरक मिळाला, पण नऊच क्विंटलवर. आता दादा म्हणतो की सोयाबीनला काही अर्थ नाही, रब्बीत सगळाच लसूण लावू. २०२४ मध्ये लसणाने किलोला दोनशेच्या वर भाव दाखवला, तो त्याच्या डोक्यातून जात नाही. माझ्या डोक्यातून २०२२ जात नाही, तेव्हा आपल्याच भागातल्या शेतकऱ्यांनी लसूण नदीत ओतला होता. बियाण्यालाच एवढा पैसा लागणारं पीक सगळ्या रानात उधारीवर लावायचं, याची मला भीती वाटते.

तर विचारायचं एवढंच. महिनाभर माल घरात ठेवता येईल एवढी सोय कुणी करून घेतली आहे का? कशी केली? "पीक बदला", "सेंद्रिय करा" हे सल्ले कृपा करून नकोत, ते आम्हाला गावात रोज मिळतात.

• • •

प्रतिसाद, काळी_माती (देवास):

ताई, वही ठेवलीत हे फार मोठं काम झालं. त्याच वहीवरून एक हिशोब करा. ३१,००० वर दुकानदार बहुधा शेकडा दोन लावत असेल, म्हणजे महिन्याला ६२० रुपये. सतरा दिवस थांबायचे साडेतीनशेच्या आसपास. तुमचे १३,४६४ व्याजाने गेलेले नाहीत, ते "माल माझ्याकडेच घालायचा" या अटीने गेले. आमच्याकडेही तेच चालतं, कुणी कागदावर लिहीत नाही, पण पुढच्या हंगामाला उधार हवं असेल तर दुसरीकडे ट्रॉली नेता येत नाही.

म्हणून खत-औषधाची उधारी आधी दुकानातून सोसायटीत आणा. मध्य प्रदेशात सहकारी सोसायटीचं पीककर्ज वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंत बिनव्याजी पडतं आणि खरिपाची मुदत साधारण २८ मार्च असते. सोसायटीला पैसे मार्चमध्ये हवेत, ऑक्टोबरमध्ये दुकानदाराला हवेत, हे दादांना नीट समजावा. खतही तिथूनच उचला.

दुसरं, गोदाम पावती. नोंदणीकृत गोदामात माल ठेवला की पावती मिळते आणि त्या पावतीवर बँक कर्ज देते. किसान क्रेडिट कार्ड असलेल्या लहान शेतकऱ्याला काढणीनंतर सहा महिन्यांपर्यंत पीककर्जाच्याच सवलतीच्या व्याजाने ते मिळतं. लसणाच्या बियाण्याची सोय त्यातून होईल. दाणा मात्र पक्का सुकवा, बारा टक्क्यांच्या आत. सरकारी काट्यावरही तीच मर्यादा असते. पन्नीवर (प्लास्टिकच्या कागदावर) तीन-चार उन्हं द्या, दातावर जाऊ नका, मंडीत मीटरवर मोजून घ्या.

• • •

प्रतिसाद, कपाशीवाली (बडोदा):

थोडं सावध करावंसं वाटतं. थांबलं की भाव वाढतोच असं नाही. आमच्या करजण भागात २०२२ च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलला १२ हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात सगळ्यांनी कापूस घरात भरून ठेवला, आम्हीही. झोपायच्या खोलीत कापूस आणि आम्ही ओसरीत. भाव उतरतच गेला आणि शेवटी पावसाच्या तोंडावर विकला.

सोयाबीनचा भाव तर तेलापेक्षा पेंडीवर जास्त चालतो, दाण्यात तेल अठरा-वीस टक्केच, बाकी डीओसी, म्हणजे तेल काढलेली पेंड. त्यात मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क वीसवरून दहा टक्क्यांवर आणलं. म्हणून तेजीची वाट बघत बसू नका. सरकारी खरेदी किंवा भावांतराच्या तारखेपर्यंत थांबा, त्यापुढे नको. २०२५ ला भावांतराची विक्री २४ ऑक्टोबर ते १५ जानेवारी होती. नोंदणी त्याआधीच बंद होते, तिच्यावर लक्ष ठेवा.

आणि वहिनींना तो १८० चा आकडा सांगा. त्यांचाच हिशोब आहे तो.

• • •

धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. रविवारी गावी जाऊन आले. वहिनीला आकडा सांगितला. ती गप्प बसली आणि मग म्हणाली, "मग निंदणीचे दिवस तू कमी धरलेत, जाऊबाईंच्या मुलाच्या मुंजीच्या आठवड्यात मी लिहिलंच नव्हतं." आठ दिवस वाढले, म्हणजे दिवसाला १६८ झाले.

सोसायटीत सचिवांना भेटले. अडचण तिथे निघाली. जमीन अजून आजोबांच्या नावाने चालत आलेल्या सामायिक खात्यात आहे, बाबा आणि दोन काका. कसतो दादा, पण कर्जाची मर्यादा बाबांच्या हिश्श्यापुरतीच धरतात, आणि त्यालाही दोन्ही काकांची संमती मागतात. मोठे काका सही देतील. धाकटे वीस वर्षांपासून पुण्याला आहेत, हिस्सा सोडायचा नाही आणि सही करायला यायचंही नाही. म्हणजे दादा एवढी वर्षं दुकानदाराच्या दारात उभा राहिला तो आळसाने नाही. मी त्याला त्यावरून बोलले होते, ते मागे घेतलं.

लसणाचं एवढं ठरलं की दोनच बिघे, आणि बियाणं घरातलं निवडून ठेवलेलं.

आता पुढचा प्रश्न. तहसीलमध्ये भू-राजस्व संहितेच्या कलम १७८ खाली खातं वाटून मिळतं असं सचिव म्हणाले. एक हिस्सेदार हजरच राहत नसेल तर कुणी हे काम पूर्ण करून घेतलं आहे का? किती महिने लागले, आणि पुण्याच्या काकांशी बोलताना सुरुवात कुठून केलीत? पेरणीला फार दिवस नाहीत, म्हणून जरा लवकर सांगाल तर बरं होईल.