परदेशातला पहिला दिवस कसा गेला? (फक्त पहिलाच!)

भाची पुढच्या महिन्यात जर्मनीला शिकायला चाललीय, सध्या घरात वजनकाटा हॉलच्या मधोमध मांडलाय. व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट, युनिव्हर्सिटी सगळं तिला पाठ आहे, पण विमानातून उतरल्यापासून पहिल्यांदा पाठ टेकेपर्यंत नक्की काय काय होतं ते कोणी धड सांगत नाही. म्हणून हा धागा. पुढे कसे रुळलात ते नंतर कधीतरी, इथे फक्त पहिले चोवीस तास. फजिती झाली असेल तर ती आधी.

*

जर्मनी म्हणताय तर मीच सुरू करते. आखेन, सप्टेंबरचा शेवट, तिकीट स्वस्त मिळालं म्हणून रविवारी पोचले आणि इथेच चुकलं. रविवारी तिकडे दुकानं बंद, म्हणजे आपल्याकडे बाजार बंद असला तरी कोपऱ्यावरचा वाणी अर्धं शटर वर करून देतो तसलं काही नाही, अख्खं गाव बंद. स्टेशनवर पाण्याची बाटली घेतली ती सोड्याची निघाली, आणि बाटली परत केली की २५ सेंट मिळतात हे माहीत नव्हतं म्हणून टाकूनही दिली. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, दोन्ही बॅगा धाडधाड पायऱ्यांवरून ओढल्या तर एका आजींनी दार उघडून बरंच काही सुनावलं, त्यातलं 'झोनटाग' म्हणजे रविवार, तेवढं कळलं. रविवारी आवाज करायचा नसतो. वर जाऊन बटण दाबलं तर उजेड नाही, दहादा दाबलं, मग मान वर केली तर छतातून नुसत्या वायरी लोंबतायत! आधीचा भाडेकरू आपला दिवा काढून घेऊन गेलेला. तिकडे तशीच पद्धत आहे म्हणे, काही लोक तर अख्खं किचन नेतात. मोबाईलच्या उजेडात आईच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, आणि नळाचं पाणी प्यावं की नाही या विचारात रात्रभर तहानलेली झोपले. नळाचं पितात हो तिकडे, बिनधास्त. भाचीला सांगा.

*

मेलबर्न, जुलै. पुण्यात पाऊस म्हणून विंडचीटर घालून निघालो, उतरलो तर दात वाजायला लागले. जुलैत तिकडे हिवाळा असतो हे भूगोलाच्या पेपरात लिहून मार्कही मिळवले असतील, बॅग भरताना आठवेल तर शपथ. पण खरी गंमत त्याआधी. विमानात एक कार्ड भरायला देतात, खाण्याचं काही आहे का, बिया आहेत का, दुधाचं आहे का. शेजारचे काका म्हणाले, सगळीकडे नाही लिही रे, कोण बघतंय. मी पहिल्यापासून घाबरट, सगळीकडे हो लिहिलं. तिथल्या बाईंनी बॅग उघडली, गोडा मसाला निरखून परत दिला, लोणच्याची बरणी उलटीपालटी करून परत दिली, आणि कंदी पेढे, आत्याने साताऱ्याहून मुद्दाम एसटीने पाठवलेले, ते दुधाचे म्हणून सरळ कचऱ्यात. इथेच उभं राहून एक खाऊ का, विचारलं. नाही म्हणाल्या. दंड मात्र झाला नाही, आधी सांगितलं होतं ना. काकांचं पुढे काय झालं माहीत नाही, त्यांच्या बॅगेशेजारी कुत्रा येऊन बसला होता एवढं बघितलं.

*

मसाल्यावरून आठवलं. यूएईला जाणाऱ्यांनी खसखस अजिबात न्यायची नाही, बंदी आहे, अफूच्या बोंडातली ना ती. सासूबाईंनी अनारसे दिले होते, वर छान खसखस लावलेले. ऐन वेळी मैत्रिणीचा फोन आला म्हणून मुंबईला विमानतळाबाहेरच नवरा, दीर आणि टॅक्सीवाले काका यांनी मिळून सगळा डबा संपवला. दुबईत उतरल्यावर सांगण्यासारखं काहीच घडलं नाही, सॉरी.

*

आमचा काळ वेगळा. ऑक्टोबर १९९८, एडिसन, न्यू जर्सी. कंपनीने एका फ्लॅटमध्ये चौघांना ठेवलं होतं. मी हौसेने डोंबिवलीहून मिक्सर नेला होता, तो तिकडच्या ११० व्होल्टवर असा फिरला की खोबरं त्याच्याकडे बघून हसत असेल. दिव्याची बटणं उलटी, वर केलं की चालू. मग एकाने जोरात फोडणी केली, स्मोक अलार्म बोंबलायला लागला आणि चौघे इंजिनियर टॉवेल घेऊन त्याला वारा घालतोय. संध्याकाळी साडेपाचला कॉलिंग कार्डावरून घरी फोन लावला. घरी म्हणजे शेजारच्या काकूंकडे, आमच्याकडे फोन नव्हता. आणि तिकडे रात्रीचे तीन. काकूंनी आईला उठवून आणलं, आई धावत आली, मी म्हणालो पोचलो, ती म्हणाली जेवलास का, आणि कार्डातले पैसे संपले.

*

तोक्यो, जून. पहाटे साडेचारला लख्ख ऊन. पहिल्याच दिवशी उशीर झाला म्हणून टाय बांधून खाली उतरलो. पुढचं सांगत नाही.

*

इस्राएलचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. शुक्रवारी दुपारी उतरलो, बेअर शेवाला जायचं होतं, पोचेपर्यंत एकेक शटर खाली. सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा वार, शनिवारी दिवे लागेपर्यंत बस नाही, दुकान नाही. मी आणि कलीग, दोघांत मिळून चिवड्याचा एक पुडा. शनिवारी रात्री एक दुकान उघडलं तेव्हा मी कलीगला म्हणालो, मिळालं बाबा दूध एकदाचं. मागून आवाज आला, "कुठचे रे तुम्ही?" आजी पेणच्या निघाल्या, लहानपणी आईबापाबरोबर तिकडे गेलेल्या, बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी ज्यू. शनिवारचं रडगाणं ऐकवलं तर हसल्या. "आम्हाला कोकणात शनवार तेली म्हणत ते काय उगीच? शनवारी घाणा बंद म्हणजे बंद!" मग घरी नेलं, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर केळ्याच्या फोडी असा मलिदा समोर ठेवला. दोघांनी इतका खाल्ला की आता लिहितानासुद्धा लाज वाटतेय.

*

सगळ्यांचे आभार. तिकीट रविवारचं होतं, मंगळवारचं करून घेतलं. बॅगेत एक बल्ब, होल्डर आणि टेस्टर टाकलाय. बॅग २३ किलोत बसवायचीय, काटा २३ किलो ४०० ग्रॅम दाखवतोय, आणि वहिनी दशम्या काढायला तयार नाही.