शब्दचर्चा : 'डिसायपलशिप'ला 'शिष्यत्व' पुरतं का? (संदर्भ : ब्रिटनमधल्या आफ्रिकी मंडळ्या)

लेखणीघाशा :
ब्रिटनमधल्या नायजेरिया आणि घानाच्या स्थलांतरितांच्या चर्चेसविषयीचा मजकूर मराठीत आणायचा आहे. दोन शब्दांपाशी घोडं अडलंय. पहिला, 'डिसायपलशिप ट्रेनिंग'. 'शिष्यत्व प्रशिक्षण' लिहिलं तर जिल्हा परिषदेची योजना वाटते. दुसरा, 'कल्चरल बिलाँगिंग'. 'सांस्कृतिक समावेश', 'आपलेपणा', की आणखी काही? नवा माणूस आला की त्याला काही आठवडे वर्गात बसवतात, बाप्तिस्मा होतो, पुढे तो 'वर्कर' होतो. त्याच ओघात भाषा, मोठ्यांना वंदन, जेवणखाण, मुलांची नावं हेही शिकवलं जातं. संज्ञा सुचवा, पण कारणासकट.

कोशकीटक :
'शिष्य' सोडू नका. मराठी बायबलात तो पक्का आहे. मत्तय २८:१९ मध्ये 'शिष्य करा' असंच आहे. खटकतं ते एवढ्यासाठी, की आपल्याकडे शिष्य म्हटला की समोर एकच एक गुरू बसलेला दिसतो. मूळ ग्रीक 'मथेतेस' हा 'शिकणे' या क्रियापदावरून आलाय, म्हणजे सरळ 'शिकणारा'.

बाकीचे पर्याय बाद होतात ते असे. 'चेला' म्हटलं की 'चेलेचपाटे' आठवतात. 'शागीर्द' फारसी. उर्दू बायबलात तोच मानाने वापरतात, पण मराठीत पेशवाईतल्या 'शागीर्दपेशा'ने त्याला नोकरचाकरांच्या ओळीत नेऊन बसवलं. 'अनुयायी' पुढाऱ्याचे असतात, आणि अनुयायी व्हायला काही शिकावं लागत नाही. महानुभावांचं 'अनुसरण' अर्थाने जवळचं आहे, पण त्याला संन्यासाचा वास आहे; सोमवारी कामावर जाणाऱ्या नर्सला तो शब्द लावता येणार नाही.

माझं मत : अवस्थेला 'शिष्यत्व', प्रक्रियेला 'शिष्यघडण', आणि प्रत्यक्ष भरणाऱ्या तासिकेला 'शिष्यवर्ग'. तिन्हींना एकच शब्द वापरला की वाचक गोंधळतो.

जाता जाता : इंग्रजीत 'डिसिप्लिन' आणि 'डिसायपल' एका घरचे, म्हणून मराठीतही 'शिस्त' आणि 'शिष्य' भावंडं असं काही जण लिहितात. तसं नाही. 'शिष्य' संस्कृत 'शास्' धातूचा, शासन आणि शास्त्र त्याचे सख्खे. 'शिस्त' फारसीतून आलेला, मूळ अर्थ नेम. बंदुकीची शिस्त धरतात ती.

ओमोएयिन :
कोशकीटकांनी ग्रीक सांगितलं, पण ही माणसं घरी ग्रीक बोलत नाहीत. त्यांच्या भाषांत काय म्हणतात ते पाहिलं तर प्रश्न निम्मा सुटतो.

नायजेरियातल्या योरुबा भाषेच्या बायबलात शिष्याला 'ओमो एयिन' म्हणतात. ओमो म्हणजे लेकरू, एयिन म्हणजे पाठ, मागची बाजू. पाठोपाठ येणारं लेकरू. तिथल्याच इग्बो भाषेत 'त्याच्या वाटेने मागे चालणारे' अशी अख्खी शब्दावळ आहे. घानाच्या ट्वी भाषेत 'असुआफो', शिकणारे. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिलीत 'म्वानाफुन्झी', शिकवणीचं लेकरू. शाळेतल्या विद्यार्थ्यालाही हाच शब्द. दक्षिण आफ्रिकेच्या झुलूत 'उमफुन्डी' शिष्य आणि 'उमफुन्डिसी' पाळक (पास्टर), म्हणजे शिकणारा आणि शिकवणारा एकाच धातूचे.

योरुबा आणि स्वाहिली या दोन्हींत 'लेकरू' आहे, ते विसरू नका. योरुबा माणसाच्या कानाला शिष्यघडण ही अभ्यासक्रमापेक्षा घरात वाढण्यासारखी लागते. म्हणून तुमच्या मजकुरात धडा आणि संस्कार एकमेकांत मिसळलेले दिसतात. लेखकाने घोळ घातलाय असं समजून ते वेगळे करायला जाऊ नका.

एक गंमत. १९२० नंतर पश्चिम नायजेरियात जी प्रार्थनावादी चर्चेस उभी राहिली (१९२५चं 'चेरुबिम अँड सेराफिम' त्यांतलं एक), त्यांना 'अलादुरा' म्हणतात. 'आदुरा' म्हणजे प्रार्थना. हा शब्द मूळ अरबी 'दुआ', हौसा भाषेतून योरुबात आला. आपला 'दुवा' तोच. तेव्हा 'अलादुरा'ला 'दुवेकरी' म्हणायचा मोह होतो. करू नये, मराठीत दुवा द्यायचा असतो, रात्रभर जागून करायचा नसतो.

लेखणीघाशा :
'शिष्यघडण' आवडला. पण वर्गात नेमकं काय होतं ते कळल्याशिवाय पुढची वाक्यं बसणार नाहीत. पायऱ्या कुणी सांगेल का?

पडवी :
चर्चागणिक फरक आहे, पण नायजेरियातलं रिडीम्ड ख्रिश्चन चर्च ऑफ गॉड हा चांगला नमुना. १९५२ साली लेगॉसमध्ये जोसायाह अकिंदायोमी यांनी ते स्थापलं. १९८१ पासून इनॉक अदेबोये प्रमुख आहेत. क्रम साधारण असा : नव्याने विश्वास ठेवलेल्यांचा वर्ग, मग पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा, मग सेवेकऱ्यांचा तयारीवर्ग, मग एखाद्या विभागात नेमणूक. विभाग म्हणजे दारावर स्वागत, गायन, मुलांचा वर्ग, ध्वनियंत्रणा, साफसफाई आणि 'प्रोटोकॉल' (पाहुण्या पाळकांची ऊठबस बघणारे). आठवड्यात 'डिगिंग डीप' नावाचा बायबल-अभ्यास, 'फेथ क्लिनिक' नावाची प्रार्थनासभा, शिवाय घरोघरच्या सहभागिता (फेलोशिप). विनर्स चॅपल या दुसऱ्या नायजेरियन चर्चची पद्धत शाळेसारखी : वर्ड ऑफ फेथ बायबल इन्स्टिट्यूटचे तीन टप्पे, प्राथमिक प्रमाणपत्र, नेतृत्व प्रमाणपत्र आणि नेतृत्व पदविका.

परदेशात हे बिघडतं कुठे?

वेळ. नव्याने आलेले पुष्कळ जण वृद्धाश्रमांत आणि इस्पितळांत पाळीने काम करतात. रविवारी सकाळी उपासनेआधी वर्ग ठेवला तर रात्रपाळीवरून आलेला माणूस पेंगतो, आणि दोन रविवार चुकले की लाजेने येईनासा होतो. तोच धडा आठवड्यातून दोनदा घ्यावा, एकदा समोरासमोर, एकदा फोनवर किंवा ऑनलाइन. चुकलेला धडा भरून काढायची सोय पहिल्याच दिवशी सांगावी. गट दहा-बाराच्या वर गेला की बोलणारे तेच चौघे उरतात.

पुस्तिका. नायजेरियात लिहिलेल्या धड्यांत उदाहरणं तिथली असतात : जनरेटर, गावची जमीन, एकत्र कुटुंबातली देणी. लंडनमध्ये जन्मलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला त्यात स्वतःचं काही सापडत नाही. धडा तोच ठेवून उदाहरणं बदलायला तासभर पुरतो, पण छापील पुस्तिकेला हात लावणं म्हणजे वरच्यांचा अवमान, असं मानून कुणी लावत नाही.

जागा. लंडनच्या सदर्क भागात २०१३च्या एका अभ्यासात २४० कृष्णवर्णीयबहुल चर्चेस मोजली होती, त्यांतली बरीचशी ओल्ड केंट रोडच्या आसपास, जुन्या गोदामांत आणि औद्योगिक गाळ्यांत. गाळा तासांवर भाड्याने असेल तर वर्ग संपताच बाहेर पडावं लागतं. मग थांबून गप्पा, जेवण, मुलांना दटावणं हे होत नाही, आणि खरी घडण तर त्यातच असते.

कोशकीटक :
पडवी, तुम्ही 'सेवेकऱ्यांचा' लिहिलंत. इंग्रजीत 'वर्कर' आहे ना?

पडवी :
हो, मुद्दाम लिहिलं. 'कामगार' म्हटलं की युनियन, 'कार्यकर्ता' म्हटलं की पक्ष. 'सेवक' मराठी ख्रिस्ती वापरात पाळकासाठी राखलेला. 'सेवेकरी'ला स्वामी समर्थ केंद्रांचा रंग आहे हे मान्य, पण अर्थ नेमका तोच : बिनपगारी, नेमून दिलेलं काम, ठरल्या वेळी हजर.

गोदाकाठ :
दुसऱ्या शब्दाकडे कुणी वळेना म्हणून मी वळतो. 'समावेश' नको. समावेश दुसरा कुणी आपला करतो. यादीत नावाचा होतो, अंदाजपत्रकात रकमेचा होतो. 'बिलाँगिंग' आतून वाटायचं असतं. आणि मराठी ख्रिस्ती भाषेत याला तयार शब्द पडलाय : मंडळी. मत्तय १६:१८, 'ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन'. बोलीत 'आपली मंडळी' म्हणजे आपली माणसं, घरची, गावची. चर्चचा अर्थ आणि आपलेपणाचा अर्थ एकाच शब्दात. इंग्रजीला हे जमत नाही. 'त्या चर्चमध्ये त्यांना बिलाँगिंग मिळतं' याचं 'तिथे त्यांना आपली मंडळी भेटते' असं करा.

आणखी एक. रिडीम्डवाले आपल्या स्थानिक चर्चला 'पॅरिश' म्हणतात. वसईचे कॅथलिक त्याला 'धर्मग्राम' म्हणतात, तो इथे चालेल. पण मूळ बघा : ग्रीक 'पारोइकिया', म्हणजे परक्या मुलखात राहणाऱ्यांची वस्ती. १ पेत्र २:११ मधला 'परदेशवासी' त्याच कुळातला.

ओमोएयिन :
गोदाकाठ, 'आपली मंडळी' सुरेख, पण एका ठिकाणी फसेल. आईवडिलांना जे आपलं वाटतं ते मुलांना वाटेलच असं नाही, आणि शिष्यघडणीत सगळ्यात जास्त ठेच तिथेच लागते.

योरुबात आपल्यासारखंच आहे : बरोबरीच्याला किंवा लहानाला 'ओ', मोठ्याला 'ए', म्हणजे तू आणि तुम्ही. मुलगे मोठ्यांसमोर साष्टांग पडतात, मुली गुडघे टेकतात. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. इंग्रजी शाळेत वाढलेलं मूल वर्गात 'पण असं का?' विचारतं, तर शिकवणाऱ्या वडीलधाऱ्याला ते उलट उत्तर वाटतं. मूल गप्प होतं, आणि गप्प बसणं हेच शिष्यत्व असा त्याचा समज होतो. अठराव्या वर्षी विद्यापीठात गेलं की चर्च सुटतं.

उपाय माहीत असलेले आहेत. वर्गाला दोन शिकवणारे ठेवावेत, एक मायदेशातून आलेला आणि एक इथे वाढलेला. प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्यावेत, म्हणजे विचारणाऱ्याचं वय आड येत नाही. आणि पाळकाने स्पष्ट सांगावं की गुडघे टेकणं ही योरुबा रीत आहे, ख्रिस्ती आज्ञा नव्हे. रीत आवडली तर पाळा. हे न सांगितल्यामुळे मुलं दोन्ही एकदम टाकतात.

घानाच्या चर्च ऑफ पेंटेकोस्टने दुसरी वाट काढली. ट्वी भाषेतल्या सभा चालू ठेवून इंग्रजी उपासनेसाठी 'पेंटेकोस्ट इंटरनॅशनल वर्शिप सेंटर' नावाच्या वेगळ्या मंडळ्या काढल्या. भाषेचा प्रश्न सुटतो, पण आजी एका इमारतीत आणि नात दुसऱ्या, असं होतं. मला स्वतःला दोन शिकवणाऱ्यांची पद्धत जास्त पटते.

लेखणीघाशा :
ओमोएयिन, माझ्या मजकुरात बाळाच्या आठव्या दिवसाच्या योरुबा समारंभाचं वर्णन आहे, मध आणि मीठ चाखवण्याचं. त्याला 'बारसं' लिहिलंय. चालेल?

ओमोएयिन :
नाही हो. 'बारशा'त बारावा दिवस दडलाय. आठव्या दिवसाचं बारसं वाचून हसू येईल. 'नामकरण' लिहा. मधाबरोबर पाणी असतं, परंपरेने कोला फळही. पुष्कळ पेंटेकोस्टल कुटुंबं कोला वगळतात आणि बाकीच्याला बायबलची वचनं जोडतात. तसंच अदेबोयेंना लोक 'डॅडी जी. ओ.' (जनरल ओव्हरसियर, म्हणजे प्रमुख) म्हणतात, ते तसंच ठेवा. 'बाबा' केलंत की मराठी वाचक मठात पोचला.

गोदाकाठ :
थोडं विषयांतर, पण आपल्या अंगणातलं. आफ्रिकी माणसांची परमुलखातली शिष्यघडण नाशिकने एकोणिसाव्या शतकात पाहिलेली आहे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली पूर्व आफ्रिकेतली मुलं चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूर वस्तीत ठेवत. शरणपूर रोड त्याच वस्तीच्या नावाचा. तिथे त्यांना धर्मशिक्षणाबरोबर सुतारकी, लोहारकी शिकवत. आफ्रिकेत वारलेल्या डेव्हिड लिव्हिंगस्टन या मिशनरी-प्रवाशाचा देह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांतला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाला हजर असलेला जेकब वेनराइट तिथलाच विद्यार्थी. १८७५ मध्ये आजच्या केनियातल्या मोंबासाजवळ फ्रिअर टाउन वसलं (मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने) आणि नाशिकच्या बऱ्याच जणांना तिथे शिक्षक, कारागीर म्हणून नेलं.

आता शब्द बघा. नाशिकात ते ज्या संस्थेत राहत तिच्या नावात 'आफ्रिकन' होतं. मोंबासाला पोचले तर तिथे त्यांचं नाव पडलं 'बॉम्बे आफ्रिकन'. इकडे आफ्रिकेचे, तिकडे मुंबईचे. लंडनच्या पेकॅम भागात 'नायजेरियन' आणि लेगॉसला सुटीत गेल्यावर 'लंडनवाली' ठरणाऱ्या मुलीची गोष्ट हीच. म्हणून 'कल्चरल बिलाँगिंग' जिथे दुसऱ्या पिढीविषयी येईल तिथे 'आपली मंडळी' न वापरता 'कुठलं असणं' असं काही वापरून बघा. 'तू कुठली?' हा प्रश्न मराठी माणसाला लगेच कळतो.

लेखणीघाशा :
'कुठलं असणं' शीर्षकात जड होईल, पण आत वापरतो. आता शेवटचा अडथळा. 'फॉलो-अप टीम'ला 'पाठपुरावा गट' लिहिलाय.

पडवी :
पाठपुरावा फायलीचा करतात. 'विचारपूस गट' लिहा. काम तेच आहे : पहिल्यांदा आलेल्याकडून कार्ड भरून घ्यायचं, दोन-तीन दिवसांत फोन करायचा, पुढच्या रविवारी दारात नावाने हाक मारायची. हेही मजकुरात येऊ द्या, की कार्डावर पूर्ण पत्ता मागितला तर व्हिसाची धाकधूक असलेला माणूस एकतर खोटा पत्ता लिहितो किंवा कार्ड खिशात घालून जातो. नाव, फोन आणि प्रार्थनेची विनंती एवढे तीनच रकाने पुरतात.

कोशकीटक :
'विचारपूस' उत्तम. फक्त 'गट' काढा, 'विचारपूस करणारे' म्हणा.