विषय: पहिलं घर – डाउन पेमेंट सोडून हातात आणखी किती पैसे हवेत?

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं पाच वर्षं कॅनडात ब्रॅम्प्टनला भाड्याने राहतोय. आता नऊ लाख डॉलरच्या आसपासचं टाउनहाउस बघतोय, स्कारबरो किंवा मिसिसागाला. डाउन पेमेंटचे ६५,००० जमलेत. बाकी क्लोजिंगला, म्हणजे घर नावावर होताना, नेमके किती लागतात? आणि एक शंका: पुण्यात कोथरूडच्या फ्लॅटवर बाबांबरोबर माझंही नाव आहे. आई-बाबाच राहतात तिथे. त्याचा इथे काही संबंध येतो का?

– ब्रॅम्प्टन

---

येतो, आणि म्हणूनच कामाला निघायच्या आधी लिहायला बसले.

सगळ्यात मोठा खर्च लँड ट्रान्सफर टॅक्सचा, म्हणजे घर नावावर करताना भरायच्या कराचा. नऊ लाखांच्या घरावर आपल्या ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारचा कर १४,४७५. स्कारबरो टोरंटो शहरात येतं, त्यामुळे तिथे शहराचा तेवढाच कर वेगळा, म्हणजे एकूण २८,९५०. मिसिसागाला शहराचा कर नाही. टोरंटोच्या उत्तर हद्दीवरचा स्टील्स अ‍ॅव्हेन्यू ओलांडून मार्कहमला गेलात तरी नाही.

पहिलं घर घेणाऱ्याला प्रांताकडून ४,००० आणि टोरंटोकडून ४,४७५ पर्यंत सूट आहे. पण अट नीट वाचा: जगात कुठेही, कधीही तुमच्या नावावर घर नसलं पाहिजे. लग्नानंतर नवरा-बायकोपैकी एकाच्या नावावर जरी असलं, तरी दोघांचीही सूट जाते.

आमचं असंच झालं. सासऱ्यांनी नाशिकच्या फ्लॅटवर हौसेने यांचं नाव लावलं होतं. कर्ज करून देणाऱ्या एजंटने ‘तुम्ही फर्स्ट टाइम बायरच’ म्हणून सूट धरून हिशेब दिला होता. क्लोजिंगच्या आठ दिवस आधी वकीलबाईंनी फॉर्म आमच्याकडे फिरवला, ‘जगात कुठेही’ या शब्दांखाली पेनाने रेघ मारली आणि काही न बोलता आमच्याकडे बघत राहिल्या. ८,४७५ डॉलर आठ दिवसांत उभे करायचे होते. धाकट्या दिरांनी दिले म्हणून निभावलं. ती आठवण आली की अजून पोटात गोळा येतो. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

दुसरं, तुमचं डाउन पेमेंट वीस टक्क्यांच्या आत आहे, म्हणून कर्जाचा विमा घ्यावाच लागेल. उरलेल्या ८,३५,००० च्या कर्जावर चार टक्के, ३३,४००. ते कर्जात घालता येतात. पण त्यावरचा आठ टक्के प्रांतिक कर, २,६७२, कर्जात जात नाही, रोखच भरावा लागतो. हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.

वकील, टायटल इन्शुरन्स (मालकी हक्काचा विमा), इन्स्पेक्शन धरून आमचे साडेतीन हजारांच्या आसपास गेले. शिवाय विकणाऱ्याने प्रॉपर्टी टॅक्स पुढचा भरलेला असेल तर तुमच्या वाट्याचा त्याला परत द्यावा लागतो.

– स्कारबरो

---

ताई, मनापासून आभार. वाचून बायकोला हाक मारली, दोघांनी मिळून परत हिशेब मांडला. बाबा म्हणतात, आत्ताच माझं नाव काढून टाकू. त्याने सूट मिळेल?

– ब्रॅम्प्टन

---

नाही मिळणार. अट ‘कधीही’ची आहे. आणि फॉर्मवर खोटं लिहायचा विचारही मनात आणू नका, ते सहीचं प्रतिज्ञापत्र असतं. त्या फ्लॅटमध्ये आई-बाबांना राहू दे सुखाने.

पण आरआरएसपीतून (निवृत्तीच्या बचत खात्यातून) घरासाठी प्रत्येकी ६०,००० पर्यंत काढायची सोय आणि एफएचएसए (पहिल्या घरासाठीचं बचत खातं), यांचा नियम वेगळा आहे. तिथे तुमच्या किंवा बायकोच्या मालकीच्या घरात तुम्ही चालू वर्षात आणि मागच्या चार वर्षांत *राहिला* होतात का, हे बघतात. तुम्ही पाच वर्षं इथे भाड्याने आहात, तर कोथरूड आड येऊ नये. तारखा मात्र अकाउंटंटला दाखवा.

– स्कारबरो

---

यात थोडी भर घालतो. आई-बाबांकडून पैसे येणार असतील तर आत्ताच हालचाल करा. भारतातून पाठवायला वर्षाला माणशी अडीच लाख अमेरिकन डॉलरची मर्यादा आहे, त्यामुळे ती अडचण नाही. पण दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर तिकडची बँक वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. रिटर्न भरताना बाबांना तो वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. इथली बँक नव्वद दिवसांची स्टेटमेंट्स मागते, आणि ही भेट आहे, उसने नाहीत, असं बाबांच्या सहीचं पत्र.

– ओकव्हिल

---

काका, पत्राचा मजकूर आजच बाबांना पाठवतो. आमचा हिशेब असा आला: मिसिसागाला डाउन पेमेंट सोडून साधारण २१,००० आणि स्कारबरोला ३५,०००. तेवढी ऐपत नाही, म्हणून स्कारबरो सोडलं. शनिवारी मिसिसागातल्या एरिन मिल्सला दोन घरं बघतोय. ताई, तुम्ही बरोबर याल का? न्यायला मी येईन.

– ब्रॅम्प्टन